बूट घालून बसलेला प्रल्हाद

परवा फोनवर तुम्ही दोघांनी मला विचारलंत, "आजी, ते सोल्जर काका परत आर्मीत गेले का?" मी "नाही गेले" म्हटलं आणि आवाज नीट येत नसल्याचं निमित्त करून विषय बदलला. आवाज अगदी नीट येत होता. पण ही गोष्ट फोनवर सांगण्यासारखी नाही. तिच्यात मी थोडी आहे, आणि जिथे आहे तिथे मला फारसं चांगलं वाटत नाही. म्हणून लिहून पाठवते. मराठी वाचताना अडलात तर आईला विचारा, पण वाचा तुम्हीच.

प्रल्हाद म्हणजे आपल्या जानेफळच्या घरामागच्या मळ्यातला. त्याचं घर माळ्याचं, भाजीपाल्यात पिढ्यान्‌पिढ्या हात बसलेलं. आपल्या विहिरीला लागून त्याची स्वतःची एक एकर, आणि आजोबा गेल्यानंतर आपला मागचा तुकडाही तोच करायचा. शाळेत तो माझ्या हाताखाली होता. दहावीला इंग्रजीतच नापास झाला. तेव्हापासून मला दिसला की तो थोडा अपराधी चेहरा करायचा, जणू पेपर कालच झाला आहे.

आपल्या देशात एक फौज अशी आहे, की तिच्यातली माणसं एरवी आपापली कामं करतात. कोणी शेती करतो, कोणी दुकान चालवतो. दरवर्षी त्यांना शिबिराला जावं लागतं, आणि गरज पडली की सरकार वर्ष-दोन वर्षांसाठी वर्दीत बोलावून घेतं, सीमेवरसुद्धा पाठवतं. गरज संपली की घरी. घरी आलेला माणूस सुटलेला मात्र नसतो. पुढचा हुकूम येईपर्यंत तो राखीव असतो. हिला प्रादेशिक सेना म्हणतात. गावात सगळे टी.ए., म्हणजे टेरिटोरियल आर्मी, म्हणत, आणि प्रल्हाद ऐकत नसला तर "अर्धी फौज".

लोणारला गेलो होतो ते तुम्हाला आठवत असेल. गोमुखापासून खाली सरोवराकडे उतरताना त्याने तुमची पलटण केली होती. पुढे एक, मध्ये एक, मागे तो. मी गुडघ्यांमुळे वरच बसले होते. तुमचा आवाज खालून वरपर्यंत येत होता. परत वर आलात तेव्हा तू, धाकट्या, त्याला विचारलंस, "काका, रिझर्व्ह म्हणजे एक्स्ट्रा प्लेअर का?" मला वाटलं, आता याला वाईट वाटणार. पण तो मोठ्याने हसला.

"हाव, एक्स्ट्रा प्लेअरच. पन बूट घालून बसलेला."

हे तो खरंच सांगत होता. त्याच्या ओसरीत दाराच्या डाव्या हाताला काळे बूट असायचे, पॉलिश केलेले. महिन्याच्या पहिल्या रविवारी गच्चीवर त्याचं सगळं सामान उन्हात पडायचं. दोन घोंगड्या, पट्टा, जाळीची टोपी, जेवणाचा डबा, पाण्याची बाटली. संध्याकाळी ते सगळं पुन्हा त्याच क्रमाने पेटीत. सुशीला, त्याची बायको, मला म्हणायची, "बाई, माह्या लुगड्याले ऊन दाखवाले याले टाइम नाही, पन त्या घोंगड्याईले पाहा." तो मळ्यातून उत्तर द्यायचा, "तुह्या लुगड्याले कोनी बोलावनं धाडत नाही ना!"

त्याच्या मळ्यातले वाफे दोरी लावून आखलेले. कोबीचं एखादं रोप ओळीबाहेर गेलं तर तो ते उपटून पुन्हा लावायचा. बाजारात मेथीच्या जुड्या तो हिंदीत मोजायचा, एक, दो, तीन. बाजूला बसणारी शांताबाई म्हणायची, "फौजी, मेथीले हिंदी समजते का बे?" तो गंभीरपणे म्हणायचा, "मेथीले नाही, मले समजते. मराठीत मोजलं का मधातच चुकतो."

आणखी एक सवय होती. तुम्ही त्याला काही सांगितलंत की काम करण्याआधी तो ते तुम्हाला परत सांगायचा. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणायचे, "प्रल्हाद, दोन जुड्या मेथी, एक पालक, कोथिंबीर आहे घरात." तो खाली उभा राहून म्हणायचा, "म्हंजे मेथी दोन, पालक एक, कोथिंबीर नको. बरोबर?" मी "बरोबर" म्हणेपर्यंत तो जागचा हलत नसे. सुरुवातीला मला हसू यायचं. पुढे तर मीच थांबायला लागले.

काश्मीरमध्ये तो दोनदा होता. तिथल्या गोष्टी सांग म्हटलं की तो अडचणीत यायचा. एकदा शाळेत मुलांसमोर बोलायला बोलावला. मुलं गोळीबाराची वाट पाहत बसलेली. प्रल्हाद उभा राहिला आणि म्हणाला, "मी एका पुलावर पहारा देत होतो. आठ महिने. रोज त्याच पुलावर. पूल अजून तिथंच हाये." आणि खाली बसला. मुख्याध्यापकांना टाळ्या वाजवायच्या की पुढे काही येतंय याची वाट पाहायची, ते कळेना. मला मात्र ते भाषण फार आवडलं. इतकं खरं भाषण त्या शाळेत क्वचितच झालं असेल.

त्या दिवसापासून स्वातंत्र्यदिनाला शाळेच्या पटांगणात माजी सैनिकांच्या चार खुर्च्या मांडत, तिथे पाचवी त्याच्यासाठी आली. तो म्हणायचा, "मी अजून माजी नाही." पण बसायचा. पाठ न टेकता बसायचा.

एक गोष्ट तो नेहमी म्हणायचा, "बाई, हुकूम कागदावर असला म्हंजे डोक्याले ताप नाही." त्याला कागदाचं भारी अप्रूप होतं. इंग्रजी वाचता येत नव्हतं, म्हणून असेल. आलेलं प्रत्येक सरकारी पाकीट तो माझ्याकडे आणायचा, मी वाचून दाखवायचे, आणि तो ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून पेटीच्या तळाशी ठेवायचा.

आता त्या पत्राबद्दल.

प्रल्हादची आई गेली तेव्हा मी तिसऱ्या की चौथ्या दिवशी त्यांच्याकडे बसायला गेले. आपल्याकडे ज्याने अग्नी दिला तो माणूस दहा दिवस वेगळा असतो. त्याला कोणी शिवत नाही, त्याच्या हातचं कोणी घेत नाही, तो कोणाच्या हातचं घेत नाही, जमिनीवर झोपतो, गावाची वेस ओलांडत नाही. प्रल्हाद ओसरीच्या कोपऱ्यात घोंगडीवर बसला होता. त्याचे वडील फार पूर्वी वारलेले. त्यामुळे घरातलं सगळं त्याच्या वडिलांचे थोरले भाऊ बघत होते. त्यांना सगळं गाव मोठेबाबा म्हणतं. आम्ही बायका आतल्या दाराशी सतरंजीवर.

तेवढ्यात सायकल टेकवून पोस्टमन रामदास आला. गावातलाच. चपला बाहेर काढल्या, हात जोडले, कडेला टेकला. मग पिशवीतून लांब खाकी पाकीट काढलं.

"प्रल्हाद, तुह्या नावाचं रजिस्टर हाये. सही लागते."

प्रल्हाद हात पुढे करणार एवढ्यात मोठेबाबा म्हणाले, "सुतकात हाये थो. कागद-पेन हाती धरत नाही दहा दिस. मंग आन."

"मोठेबाबा, मले सात दिसच ठेवता येते."

"मंग सात दिसानं पाहू."

"सरकारी हाये हो."

"सरकारले माय नाही काय?"

ओसरीवरच्या माणसांनी माना हलवल्या. रामदासनेही हलवली. त्याला ते पटलं होतं. सुतकातल्या माणसाच्या हाती पेन द्यायला त्यालाही नको वाटत होतं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्याने पाकीट पुन्हा पिशवीत ठेवलं.

प्रल्हादला ते पाकीट ओळखू आलं होतं. दरवर्षी तसंच यायचं, शिबिराचा हुकूम घेऊन. तो मोठेबाबांकडे बघत राहिला. एरवी सांगितलेलं सगळं परत सांगणारा हा माणूस त्या दिवशी एक शब्द बोलला नाही. आई जाऊन चार दिवस झालेले, समोर बापाच्या जागेवरचा माणूस, भोवती गाव.

आणि मी तीन हातांवर बसले होते. "रामदास, प्रल्हादने सुशीलाला अधिकार दिला तर तिची सही चालेल का बघ," एवढं मी म्हणू शकले असते. निदान "टपाल कचेरीत जमा ठेवा म्हणून अर्ज देते," एवढं तरी. मला हे नियम माहीत होते. त्या ओसरीत ते माहीत असलेली मीच एकटी होते. पण बसायला गेलेल्या बाईने त्या घरच्या रीतीत बोलू नये, हे मला लग्न होऊन या गावात आले तेव्हाच शिकवलं गेलं होतं. ते मी इतकं चांगलं शिकले होते की त्या क्षणी तोंड उघडायचं मला सुचलंसुद्धा नाही. घरी येऊन चहा टाकला तेव्हा सुचलं.

तेरवी झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळीच प्रल्हाद टपाल कचेरीत गेला. परत येताना आपल्या फाटकाशी थांबला.

"बाई, पाकीट वापस गेलं."

"काय शेरा मारला त्यावर?"

"घेण्यास नकार, असं लिवलं म्हने."

मी रामदासला विचारलं. तो बिचारा म्हणाला, "बाई, घर बंद असं लिवता येत नाही, घर उघडं होतं. मानूस नाही असं लिवता येत नाही, मानूस समोर होता. मंग दुसरं काय लिवू?" यात खोटं काहीच नव्हतं.

प्रल्हादने आपल्या पलटणीच्या कचेरीला फोन लावला. माझ्याच ओसरीवरून, स्पीकरवर. तिकडच्या कारकुनाने विचारलं, "लेटर मिला?" हा म्हणाला, "नहीं साब, वापस गया. माँ गुजर गई थी." तिकडून आवाज आला, "कोई बात नहीं, दूसरा निकलेगा. इंतज़ार करो." एवढंच. प्रल्हाद खूश झाला. मला परत सांगितलं, "म्हंजे दुसरं निंघते, मी थांबतो."

मी म्हटलं, "अरे, वाट कसली पाहतोस? शिबिर सुरू व्हायला अजून दिवस आहेत. बॅग उचल आणि जा. आईचं सांग तिथे."

"हुकमाबिगर गेटवर कोन उभं करंन मले, बाई? उद्या म्हनतीन, कोनं बोलावलं तुले. कागद आला का मी निंघालोच समजा."

आणि तो खरंच तसाच बसला. पेटी बांधून ओसरीत आणून ठेवली. मळ्यातलं काम सकाळीच उरकायचा, रामदासच्या यायच्या वेळेला धुतलेले कपडे आणि ते काळे बूट घालून ओट्यावर. शांताबाई म्हणायची, "कोनती बस पाह्यतं रे फौजी?" दुसरं पत्र आलं नाही. शिबिर सुरू झालं आणि संपलं. आदल्या वर्षी टायफॉइडमुळे तो अर्धं शिबिर चुकला होता, आणि त्याचं प्रमाणपत्र उशिरा पोचलं होतं. म्हणजे कागदावर या माणसाचं शिबिर सलग दोन वर्षं पूर्ण झालं नव्हतं.

मग पाकीट आलं. या वेळी त्याने सही करून घेतलं. आत नोटीस होती. विनापरवानगी गैरहजर राहिल्याबद्दल आणि हुकूम स्वीकारायला नकार दिल्याबद्दल तुम्हाला सेवेतून कमी का करू नये, याचं कारण लेखी द्या.

उत्तर लिहून घ्यायला तो माझ्याकडे आला, सोबत सुशीलाचा भाऊ. तो डोणगावला अडत दुकानात काम करतो, व्यवहारी माणूस. तो म्हणाला, "बाई, सरळ लिवा का पत्र भेटलंच नाही. पोष्टाची चूक. आपन रामदासले समजावून घेऊ."

मी म्हटलं, "असं नाही लिहायचं. आपण चूक केली नाही, मग लपवायचं कशाला? खरं लिहिलं की माणसाला भीती राहत नाही."

प्रल्हादने माझ्याकडे बघितलं. "म्हंजे खरं लिवायचं. बरोबर?"

"बरोबर," मी म्हटलं.

तुम्हाला माझी टेबलाशी बसून लिहिण्याची सवय माहीत आहे. मी कच्चा मसुदा केला, तो दुरुस्त केला, पक्क्या कागदावर उतरवला. सुतक म्हणजे काय, अग्नी देणाऱ्याला कोणते निर्बंध असतात, कुटुंबातल्या वडीलधाऱ्यांनी धार्मिक कारणाने पत्र कसं घेऊ दिलं नाही, हे सगळं मी शुद्ध इंग्रजीत पाऊण पान लिहिलं. इतकं चांगलं इंग्रजी मी बऱ्याच वर्षांत लिहिलं नव्हतं. वाचून दाखवताना मला अभिमान वाटला, हे तुम्हाला सांगायलाच हवं. प्रल्हादला काही कळलं नाही, पण तो म्हणाला, "भारी वाटून राह्यलं, बाई."

आदेश आला तो दीड पानाचा होता. त्यात माझंच वाक्य उद्धृत केलं होतं. पत्र कुटुंबाने घेतलं नाही, हे संबंधिताने स्वतःच लेखी मान्य केलं आहे. म्हणून हुकूम जाणूनबुजून नाकारला गेला हे सिद्ध होतं. म्हणून त्यांच्या सेवेची यापुढे आवश्यकता नाही. प्रशासकीय कारणास्तव त्यांना सेवेतून कमी करण्यात येत आहे.

मी ते त्याला वाचून दाखवलं. ते वाक्य माझं आहे, हेही सांगितलं. तो म्हणाला, "तुमी खरंच लिवलं होतं ना." मग विचारलं, "बाई, यात शिक्षा कोनती हाये?"

"शिक्षा नाही रे. हे प्रशासकीय आहे."

"म्हंजे?"

"म्हणजे गुन्हा नाही, खटला नाही, शिक्षा नाही. फक्त कमी केलंय."

त्याने कागदाची घडी घातली. मग म्हणाला, "गुन्हा असता त शिक्षा भोगून मोकळा झालो असतो. गुन्हाच नाही म्हनता, मंग माफी कोनाले मागू? आन हे संपते कवा?"

मी तो आदेश उलगडून पुन्हा पहिल्यापासून वाचला. त्यात तशी तारीख नव्हती.

नुकसान काय झालं, ते तुम्हाला साध्या शब्दांत सांगते. पेन्शनला लागतात तेवढी वर्षं त्याची भरायला थोडी कमी होती, ती आता भरणार नव्हती. पण पेन्शनसाठी तो रडला नाही. "मळा हाये," म्हणायचा. त्याला हवं होतं ते माजी सैनिकाचं ओळखपत्र. एक कागद, फोटो चिकटवलेला, शिक्का मारलेला, की हा माणूस फौजेत होता आणि नीट बाहेर पडला. त्याच्यासाठी आम्ही दोघं बुलढाण्याला गेलो, माजी सैनिकांची कामं जिथे होतात त्या कचेरीत. तिथला कारकून भला होता. आम्हाला पाणी दिलं, पंख्याखाली बसवलं, प्रल्हादची सेवापुस्तिका उघडली आणि सेवेतून जाण्याचं कारण लिहिलेल्या रकान्यावर बोट ठेवलं.

"काका, तुमी फौजेत होते हे मले तुमच्या बसन्यावरूनच दिसून राह्यलं. पन या रकान्यात हे लिवलं असल्यावर माह्या हातात काहीच नाही. साहेबांच्याही नाही."

"कोनाच्या हातात हाये मंग?" प्रल्हादने विचारलं.

कारकुनाने वरच्या कचेरीचं नाव सांगितलं. वरच्या कचेरीने त्याच्या वरचं. मी अपील लिहिलं. मग स्मरणपत्र. मग दुसरं स्मरणपत्र. माझ्या कपाटात त्याची निळी फाइल आहे, तारखेनुसार लावलेली, पानांना आकडे घातलेली. इतकी नीट फाइल या तालुक्यात दुसरी नसेल. एका पत्राला उत्तर आलं की प्रकरण विचाराधीन आहे. मी ते वाचून दाखवलं तेव्हा सुशीला म्हणाली, "म्हंजे इचार करून राह्यले ना? मंग बरं हाये." मी "हो" म्हटलं.

गावाला प्रशासकीय म्हणजे काय ते माहीत नव्हतं. गावाला एवढंच समजलं, की फौजेने याला काढलं. आणि फौज कोणाला उगीच काढत नाही, हे गावाला पक्कं माहीत. पारावर वेगवेगळ्या गोष्टी तयार झाल्या. कोणी म्हणे दारू. कोणी म्हणे साहेबावर हात टाकला. सगळ्यात वाईट होती ती म्हणजे पळून आला ही. बाजारात एक दिवस एका गिऱ्हाइकाने हसत हसत म्हटलं, "काऊन फौजी, सरकारनं वापस केलं का? पालक शिळी निंघाली का?" प्रल्हादने त्याची जुडी बांधून दिली. शांताबाईच त्या माणसावर तुटून पडली. "तू गेल्ता का रे पुलावर आठ महिने? तुले त गावची नदी वलांडताना चक्कर येते."

मोठेबाबांना कोणीतरी सांगितलं, की तुमच्यामुळे झालं. ते आपल्याकडे आले, काठी टेकत. म्हणाले, "बाई, लिवा का मी नाही म्हनलो. माहा अंगठा घ्या. मले काढा कुठून काढाचं ते." मी तसं प्रतिज्ञापत्र करून घेतलं. तेही फाइलमध्ये आहे, अंगठ्यासकट. त्यानंतर दोन महिन्यांत मोठेबाबा गेले, आणि त्यांचं सुतक प्रल्हादने पाळलं, पूर्ण. मला वाटलं होतं तो या वेळी काही बोलेल. तो दहाव्याला डोकं करून आला, आणि आपल्या वाफ्यात पाणी सोडायला गेला.

पुढच्या ऑगस्टात मुख्याध्यापक माझ्याकडे आले. नवीन होते, सज्जन. खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाले, "बाई, सत्काराच्या यादीत प्रल्हादभाऊंचं नाव घ्यायचं का? वरून विचारणा झाली तर माजी सैनिकाचा पुरावा लागतो म्हणतात." मी म्हटलं, नाव घ्या, पुरावा मी देते. माझ्याकडे काय पुरावा होता? एक फाइल, आणि तीही त्याच्या विरोधातली. पण प्रश्नच आला नाही. त्या सकाळी प्रल्हाद पटांगणात आलाच नाही. शाळेतला बँड मळ्यात ऐकू जातो. मी खिडकीतून पाहिलं, तो वांग्याच्या ओळीत उभा होता, सरळ, हात बाजूला. राष्ट्रगीत संपलं तसा खाली वाकला आणि गवत काढायला लागला. पटांगणात पाचवी खुर्ची मांडली होती, असं नंतर कळलं. तिच्यावर कोणीतरी हारांची टोपली ठेवली होती.

एका बँकेच्या शाखेत पहारेकरी हवा होता. पण ती जागा माजी सैनिकासाठी. एका पेट्रोल पंपावर मालकाने पुस्तिका मागितली, तो रकाना वाचला आणि "कळवतो" म्हणाला. मळ्यावर घर चालत होतं तोवर चाललं. मग लागोपाठ दोन हंगाम टोमॅटोला भाव नाही, सुशीलाच्या पाठीचं ऑपरेशन. प्रल्हादने पुण्याच्या एका खासगी सुरक्षा कंपनीचा फॉर्म आणला. कोणत्या तरी मोठ्या इमारतीच्या फाटकावरचं काम.

फॉर्म इंग्रजीत होता, म्हणून माझ्याकडे. मी चष्मा लावला आणि एकेक विचारत लिहीत गेले. नाव, गाव, वय, उंची, शिक्षण. तो समोरच्या स्टुलावर बसला होता. मग तो रकाना आला. माजी सैनिक आहे का? होय, नाही. एकावर खूण करायची. माझा हात थांबला.

"काय हाये, बाई?"

मी सांगितलं. तो म्हणाला, "नाहीवर करा."

तुम्हाला मी कधीही खोटं लिहू दिलेलं नाही. आजारी नसताना आजारपणाची चिठ्ठीसुद्धा तुमच्या आईला मी कधी दिली नाही. पण त्या वेळी मी म्हटलं, "मी होयवर करते, प्रल्हाद. कोण बघायला येतंय? बारा-तेरा वर्षं तू फौजेत होतास. हे खोटं नाहीच मुळी."

तो माझ्याकडे असा बघायला लागला, की जणू मी काही वेगळीच बाई आहे.

"ते कागद मागतीन, बाई. मंग मी काय दाखवू?"

"मागितला तर बघू."

"नाही," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "एक डाव घरी पाठवलं तेवढं पुरे. आता फाटकावरून नका पाठवू मले."

आणि त्याने माझ्या बोटांतून पेन हळूच काढून घेतलं. 'नाही'चा रकाना कुठला, ते विचारलं. मी बोट ठेवलं. त्याने तिथे खूण केली, खाली सही केली, आणि शाई वाळेपर्यंत फॉर्म दोन्ही हातांनी आडवा धरून उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो फॉर्म घेऊन मेहकरची बस धरायला निघाला. तिथून पुढे पुण्याची. आपल्या फाटकासमोरूनच बस जाते, म्हणून मी रस्त्यावर आले होते. सुशीला सोबत होती, भाकरीची पिशवी घेऊन. गर्दी होती. त्याने सगळ्यांना चढू दिलं आणि शेवटी स्वतः चढला. बसायला जागा नव्हती. तो मागच्या दांड्याला धरून उभा राहिला, तोंड दुसऱ्या बाजूला, आपल्याकडे पाठ. पांढऱ्या शर्टाला पाठीवर इस्त्रीची घडी अगदी मधोमध होती. बस वळली तेव्हा सगळी माणसं एका बाजूला कलली, तोही कलला.

बस गेली. धूळ खाली बसली. सुशीला मात्र रस्त्याच्या कडेला तशीच उभी. मी म्हटलं, "चल ग, आत ये. चहा घे."

"तुमी व्हा पुढं, बाई," ती म्हणाली. "रामदास येते या टायमाले. अपिलाचं काही आलं असंन त मीच सही करून घेतो."